दात्याशी नाते

रफूवालीने फाइलची फीत सोडली, कारण आतल्या एका कागदाचा कोपरा तिरका बाहेर आला होता. तिरकं काही तिला बघवत नसे. दुकानात गिऱ्हाइकाच्या कॉलरचं टोक मुडपलेलं दिसलं तरी तिचा हात आपोआप पुढे जायचा आणि मग ओशाळून मागे यायचा. हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून तिला सांगितलं होतं, ही फाइल चौथ्या मजल्यावर नेऊन द्या. लिफ्टपुढे ही भलीमोठी रांग, आणि जिने चढायचे दिवस सरलेले. म्हणून ती बाकावर टेकली, मास्क जरा सैल केला आणि तो कागद सरळ करायला घेतला.

कागद आखीव होता. वरच्या ओळीत तिचा रुग्ण-क्रमांक, जो तिला आता जन्मतारखेपेक्षा जास्त पाठ होता. त्याच्यापुढे दहा चौकोन, प्रत्येकात एक अक्षर आणि काही आकडे. खालच्या ओळीत दुसराच एक लांबलचक क्रमांक आणि पुन्हा दहा चौकोन. चौकड्याच्या कापडाला तुकडा लावण्याआधी रेघ रेघेशी धरून बघतात, तसं तिने सवयीने बोट ठेवून वरचा चौकोन खालच्याशी लावून पाहिला. पहिला जुळला. दुसरा जुळला. दहाच्या दहा जुळले.

तिने पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. मग तिसऱ्यांदा. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने तिला विचारलं, काही हरवलं का. ती नुसतीच हसली. मास्कमुळे त्याला ते दिसलं नसावं.

सहा महिन्यांपूर्वी तिच्या हाडांच्या आतल्या मगजाने रक्त बनवणं सोडायला सुरुवात केली होती. सुई टोचली की रक्त थांबेना, दंडावर न आपटताच निळे डाग पडायचे. डॉक्टरांनी पहिलं काय केलं असेल तर तिच्या हातातली सुई काढून घेतली. बावीस वर्षं लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत बसून तिने कोट, शाली, पडदे असे रफू केले होते की गिऱ्हाइकाने छिद्र कुठे होतं ते विसरून जावं. आता ती दुकानात जायची ती फक्त काकूंना कोणता धागा कुठून उपसायचा ते सांगायला. काकू म्हणजे लॉन्ड्रीची मालकीण. त्यांनी दुकानातल्या कात्र्यासुद्धा कपाटात कुलपात ठेवल्या होत्या.

दुसऱ्या कुणाच्या तरी रक्ताच्या मूळ पेशी अंगात सोडायच्या, त्या रुजल्या की नवं रक्त बनायला लागतं, हे तिला इथल्या कोऑर्डिनेटरने समजावलं होतं. कानामागे पेन्सिल खोचणारी ती बाई कागदावर चित्रं काढून बोलायची. माणसाच्या पेशींवर खुणा असतात, निम्म्या आईकडून, निम्म्या बापाकडून. सख्ख्या भावंडांत चारांत एकाच्या खुणा अगदी तुमच्यासारख्या निघतात. नाही निघाल्या तर नोंदणीत परके दाते शोधायचे. देणाऱ्याला पाच दिवस इंजेक्शनं घ्यावी लागतात, अंग ठणकतं, पाणी भरपूर प्यायचं, मग चार-पाच तास यंत्राजवळ बसायचं. बस्स, एवढंच. पण तुमच्या खुणांतला एक निम्मा भाग फार विरळा आहे, असंही ती म्हणाली होती. तो घराबाहेर सापडणं कठीण.

ऐकल्यावर रफूवालीला ते लगेच पटलं होतं. चांगल्या रफूचा धागा बाजारात मिळत नाही. तो त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून काढावा लागतो.

आणि आता हा कागद. म्हणजे कुणीतरी सापडलं होतं आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं! तिने तो उलटा केला. मागे दोनच ओळी होत्या. 'दात्याशी संपर्क साधला. दाता उपलब्ध नाही.' खाली तारीख, तीन आठवड्यांपूर्वीची.

"मेल्या," ती पुटपुटली. शेजारचा म्हातारा जरा सरकून बसला.

तीन आठवडे झाले होते. या तीन आठवड्यांत तिला चार बाटल्या परकं रक्त चढलं, आणि जगात कुठेतरी एक माणूस फोन ठेवून जेवायला बसला होता. ज्याचं तोंड पाहिलेलं नाही अशा माणसाचा तिला इतका राग आला की कानांत घुमायला लागलं. त्याला निदान पुरतं ओळखून घ्यावं म्हणून तिने कागद पुन्हा सुलटा केला आणि चौकोनांच्या खालची बारीक ओळ वाचली. पुरुष. वय तेहतीस. नोंदणीचा महिना आणि वर्ष, चौदा वर्षांपूर्वीचं.

तो महिना तिला चांगलाच ठाऊक होता. तिच्या डोक्यात तारखा राहत नसत, पण कपडे राहत. मधल्या बहिणीच्या लग्नासाठी त्याच महिन्यात तिने धाकट्या भावाला राखी रंगाचा शर्ट घेतला होता. लग्नाला आठ दिवस असताना तो शर्ट घालून हा गेला कॉलेजात, आणि आला तो दाते-नोंदणीच्या शिबिराचा बिल्ला छातीवर लावून. बिल्ल्याच्या जाड टाचणीने नवा शर्ट फाटला होता.

"गालाच्या आतून कापूस फिरवला फक्त," तो ऐटीत म्हणाला होता. "कधीतरी माझ्यामुळे कुणाचा जीव वाचेल, ताई."

"आधी शर्ट वाचव," ती म्हणाली होती, आणि आतल्या शिवणीतून दोन दोरे उपसून ते भोक भरलं होतं. लग्नाच्या फोटोत कुणाला ते शोधून दाखवता आलं नाही.

लिफ्ट तीनदा येऊन गेली. ती बसूनच राहिली. तेहतीस वर्षांचे पुरुष पुष्कळ असतात, त्या शिबिरात त्या दिवशी दोनशे पोरांनी गालात कापूस घेतला असेल, असं तिने स्वतःला दोन-चार वेळा सांगून पाहिलं. मग तिला भावंडांच्या तपासणीच्या निकालाचा दिवस आठवला. मधलीचा निकाल सांगताना कोऑर्डिनेटरने कागद पुढे पसरला होता, पेन्सिलीने एकेक खूण दाखवली होती. हे पाच जुळतात, हे पाच नाही, शिवाय बहिणीच्या हृदयाचा त्रास, म्हणून तिचं नाव अगदी शेवटचा उपाय म्हणून ठेवू. धाकट्याच्या वेळी कागद निघालाच नाही. तिने एकच वाक्य सांगितलं. "तुमचे भाऊ दाता होऊ शकत नाहीत." रफूवालीने का म्हणून विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, आम्ही कुणाच्याच बाबतीत कारण सांगत नाही. मधलीच्या बाबतीत तर पेन्सिल घेऊन सांगितलं होतं. त्या दिवशी हे तिच्या ध्यानात आलं नाही.

कारण बाहेर धाकटा भिंतीला टेकून उभा होता. "जुळलं नाही गं, ताई," म्हणाला, आणि सहा फुटी माणूस लहान पोरासारखा रडला. तिने त्याला बाकावर बसवलं, पाठीवरून हात फिरवला, स्वतःचा रुमाल दिला. तुझा काय दोष त्यात, वेड्या, असं ती त्याला पुनःपुन्हा म्हणाली होती.

तिने कागदाची घडी घातली आणि ती पिशवीत सरकवली. बावीस वर्षांत तिने दुकानातलं एक बटणही घरी नेलं नव्हतं. फाइलची फीत बांधून ती उठली आणि लिफ्टच्या रांगेत उभी राहिली.

---

धाकट्याला घरात टिल्लू म्हणत. आता तो दाराच्या चौकटीखालून वाकून येत असे, पण नाव टिल्लूच राहिलं होतं. तो सहा वर्षांचा असताना आई गेली, आणि एकोणीस वर्षांच्या ताईने शिक्षण गुंडाळून ठेवून त्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं. वडील पाळीवर असायचे. शेजारच्यांच्या खिडकीची काच याने फोडली, तर वडिलांना सांगायचं, माझ्या हातून फुटली. शाळा बुडवून हा नदीवर गेला, तर दुसऱ्या दिवशी बाईंना सांगायचं, ताप होता हो त्याला. तिला ते कधी खोटं बोलणं वाटलं नाही. भोक पडलं की भरायचं, एवढंच तिला ठाऊक होतं.

रविवारी अकराच्या सुमाराला तो आला. चपला बाहेर काढल्या, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, मास्क लावला, सोबत आणलेली सफरचंदं गरम पाण्यातून काढली आणि सालं काढायला बसला. हे सगळं तो न सांगता करायचा. गेले सहा महिने एक रविवार चुकला नव्हता.

"सुईला हात नाही ना लावलास?"

"नाही रे बाबा. काकू मला कपड्याच्या टाचणीजवळही फिरकू देत नाहीत."

"बरं करतात. तुझा काही भरवसा नाही." तो हसला. "पोरीने तुझ्यासाठी चित्र काढलंय. विसरलो बघ आणायला. पुढच्या रविवारी आणतो."

तिने पिशवीतून कागद काढला, उलगडला आणि टेबलावर सुलटा ठेवला.

"हे जरा वाचून दाखव. औषधांनी डोळ्यांपुढे धुरकट दिसतं."

त्याच्यासाठी ती आयुष्यभर पुष्कळ खोटं बोलली होती. त्याच्याशी खोटं बोलायची ही पहिलीच वेळ.

सालाची लांब पट्टी सुरीवरून लोंबत राहिली. त्याने सुरी बाजूला ठेवली, हात पँटला पुसले, कागद उचलला नाही, नुसताच वाकून पाहिला.

"हे कुठून मिळालं तुला?"

"फाइलमध्ये होतं. वाच ना."

"वर तुझा नंबर आहे. खाली दाता. पुरुष." तो थांबला. "वय तेहतीस."

"तुझ्याच वयाचा."

"हं."

"पुढे?"

"पुढे आकडे आहेत, ताई. दहा चौकोन."

"जुळतात का बघ बरं वरचे आणि खालचे."

"जुळतात."

जुळतात का बघायचं तर माणूस एकदा वर बघतो, एकदा खाली. त्याची नजर खालच्या ओळीवर जी बसली होती ती तिथून हललीच नव्हती.

"सगळे?"

"सगळे."

"अरे, मग सापडला की माणूस!" ती म्हणाली, आणि आवाजात आनंद आणणं इतकं सोपं गेलं की तिचं तिलाच नवल वाटलं. "सहा महिने शोधत होते. सापडला एकदाचा."

टिल्लूने कागद बोटाने जरासा दूर सारला. मग तो पुढे झुकला आणि लहान मुलाची समजूत घालावी तशा आवाजात बोलायला लागला. "ताई, फार आशा लावून बसू नकोस. कुणाच्या घरी काय असतं, आपल्याला कुठे माहीत? बायको घाबरली असेल त्याची. घरात लहान पोर असेल. तोही घाबरला असेल. नाही म्हणाला म्हणून तो काही वाईट माणूस ठरत नाही."

स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. तिने थेंब मोजले, सात.

तोवर तिने मनात एक कोपरा राखून ठेवला होता. दोनशे पोरं, तेहतीस वर्षांचे पुष्कळ पुरुष, जग एवढं मोठं. तो म्हणाला असता, 'मग कधी येणार तो? तारीख दिली का?' तर तिने सगळं बाजूला टाकून त्याच्यावर विश्वास ठेवला असता आणि संशय घेतला म्हणून स्वतःच्या तोंडात मारून घेतली असती. कुणीही पहिलं हेच विचारेल. नकाराची गोष्ट तिने कुणाजवळ काढली नव्हती, मधलीजवळही नाही, काकूंजवळही नाही. तो नकार कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलेला होता, आणि कागद आल्यापासून टेबलावर सुलटाच पडून होता.

"त्याला तरी काय माहीत, इकडे मी आहे ते," ती म्हणाली. "नाव सांगत नाहीत म्हणे."

"नाही सांगत."

"माहीत असतं तर आला असता."

टिल्लूने सुरी उचलली आणि सफरचंदाच्या फोडी करायला लागला. एका फोडीच्या दोन, दोनाच्या चार. बशीत नुसता चुरा झाला.

निघताना तो दारात वाकला, आणि वाकलेलाच थांबला.

"ताई, त्या कागदाच्या मागे काही लिहिलंय का?"

"मागे?" ती म्हणाली. "मागे काही नाही. कोरा आहे."

त्याने चौकटीला हात धरला. मास्कच्या वर त्याचे डोळे तेवढे दिसत होते. लहानपणी काच फुटल्यावर असेच व्हायचे ते, आणि तेव्हा ती पुढे होऊन म्हणायची, जा, तू आत जा, मी बघते. आज ती खुर्चीवरून उठली नाही.

"बरं," तो म्हणाला आणि गेला. त्याची पावलं पहिल्या वळणावर थांबली. बराच वेळ थांबली. मग खाली उतरत गेली.

सफरचंदाचा चुरा तिने कचऱ्यात टाकला, बशी धुतली, पुसली, आणि ती जागेवर ठेवता ठेवता तिला रडू फुटलं. घाबरला होता तर घाबरलो म्हणायचं होतं. तिच्याजवळ म्हणायचं होतं. तिने स्वतः जाऊन डॉक्टरांना सांगितलं असतं, माझ्या भावाला यात ओढू नका, आणि मधलीला काही कळूही दिलं नसतं. पण त्याने केसाने गळा कापला होता, आणि वर तिच्याच रुमालाने डोळे पुसून घेतले होते. ते पुसलेले डोळे तिच्या जिव्हारी लागले होते. दोन वेळा नाही म्हणाला होता तो. एकदा भाऊ म्हणून, एकदा परका म्हणून. मधे सगळे रविवार सफरचंदं घेऊन आला होता.

---

त्यानंतरच्या रविवारी तो आला नाही. फोनही नाही. मंगळवारी आणखी एक रक्ताची बाटली चढली, आणि डॉक्टरांनी मधलीच्या हृदयाचे अहवाल पुन्हा मागवले. ते अहवाल का मागवतात, हे न कळण्याइतकी ती नवखी राहिली नव्हती.

गुरुवारी दुपारी कोऑर्डिनेटरचा फोन आला.

"नोंदणीतून दाता मिळालाय. दहापैकी दहा. सोमवारी येऊन फॉर्म भरून जा."

"नवीन कुणी आहे?"

"मला फक्त क्रमांक कळतो," ती म्हणाली. "याने स्वतःहून फोन केला त्यांना. सोमवारी या."

संध्याकाळी टिल्लूचा फोन आला. तो पंप विकणाऱ्या कंपनीत होता आणि महिन्यातून दोन-तीन दिवस बाहेरगावी जात असे.

"ताई, तीनेक आठवडे नाहीये मी. मोठी टूर लागलीय."

"तीन आठवडे?"

"हो. लांबची आहे. फोन लागला नाही तर काळजी करू नकोस."

तिने खिडकीचा पडदा नीट केला. आता बोलावं, असं तिला वाटलं. टिल्लू, मला सगळं कळलंय, ये, समोर येऊन बस. शब्द ओठांवर आले होते. पण समोर बसणं त्याला झेपलं असतं तर ही वेळ आलीच नसती. तो मागच्या दाराने येत होता, अंधारात हात पुढे करून, म्हणजे हात कुणाचा ते तिला दिसू नये. दिवा लावला की पळेल.

"जा," ती म्हणाली. "पाणी भरपूर पी."

"टूरवर?" त्याने विचारलं.

"टूरवरच. आणखी कुठे?"

---

सोमवारी कोऑर्डिनेटरने तिला आतल्या खोलीत बसवलं आणि दार लोटून घेतलं. रफूवालीने पिशवीतून तो कागद काढला, घडी उलगडून हाताने सपाट केला आणि टेबलावर ठेवला.

"हा तुमचा. फाइलमधून निसटला होता."

कोऑर्डिनेटरने कागद उचलला. पुढची बाजू पाहिली, मागची पाहिली, मग पुन्हा पुढची. भावाचा निकाल तिच्याच कपाटात होता, आणि आकडे वाचणं हे तिचं रोजचं काम. ती काहीही न बोलता उठली, कागद एका वेगळ्या फाइलमध्ये लावून आली आणि जागेवर बसली.

"निसटतात कधीकधी," ती म्हणाली.

मग तिने फॉर्म पुढे केला. पहिली तीन पानं नेहमीचीच होती. चौथ्यावर छापलं होतं, 'मी दात्यास ओळखत नाही व त्याची ओळख मिळवण्याचा प्रयत्न करणार नाही.' त्याखाली रकाना होता. 'दात्याशी नाते.'

"इथे 'नाही' लिहायचं," कोऑर्डिनेटरने पेन्सिलीचं टोक टेकवलं.

"सगळे हेच लिहितात?"

"नोंदणीतला दाता असला की सगळेच."

"आणि एखाद्याला माहीत असलं तर?"

कोऑर्डिनेटरने चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्याच्याशिवाय ती बरीच थकलेली दिसत होती. "माहीत असलं तर हा फॉर्म चालत नाही. नात्यातल्या दात्याची वाट वेगळी आहे. त्याला इथे यावं लागतं. या खुर्चीवर बसून, नातेवाईक म्हणून सही करावी लागते. सगळं पहिल्यापासून, कमीत कमी दोन महिने. तेही तो आला तर."

"आला तर," रफूवाली म्हणाली.

"तुमच्याकडे दोन महिने नाहीत हो, ताई."

सहा महिन्यांत या बाईने तिला पहिल्यांदाच ताई म्हटलं होतं. रफूवालीला क्षणभर हात थांबवावा लागला. तिच्यापुढे टिल्लूचं पहिलं पाऊल आलं, टिल्लूचा गोवर आला, टिल्लूचा तो राखी शर्ट आला आणि त्यातलं ते भोक, जे कुणालाच सापडलं नव्हतं. इतकं चोख काम तिने तेव्हा कशाला केलं, असं तिला वाटून गेलं.

तिने पेन टेकवलं. 'नाही.' अक्षर सुबक आलं. शिरोरेघ तिने एकसारखी ओढली.

खाली आणखी एक रकाना होता, 'जवळचे नातेवाईक, नाव व फोन.' असे फॉर्म तिने आजवर अकरा भरले होते आणि हा रकाना येईतो पेन कधी थांबलं नव्हतं. नंबर हाताला पाठ होता. आताही हाताने पहिले दोन आकडे लिहून टाकले. तिने ते एका रेघेने खोडले आणि त्यांच्या वर लॉन्ड्रीच्या काकूंचं नाव लिहिलं. नंबर आठवेना, म्हणून फोनमध्ये बघून एकेक आकडा उतरवून घेतला.

कोऑर्डिनेटर वाचत होती.

"आणि भाऊ?" तिने हळूच विचारलं. "दर वेळी त्यांचाच नंबर असतो. त्या दिवसांत घरचं कुणीतरी लागतं हो जवळ."

"तो नाहीये इथे," रफूवाली म्हणाली. "टूरवर गेलाय."

शाळेतल्या बाईंना ती ज्या आवाजात सांगायची, तोच आवाज होता, जरासुद्धा न अडखळणारा. मग तिने पेनाला टोपण लावलं, फॉर्मचा तिरका झालेला कोपरा सरळ केला आणि तो पुढे सरकवला.